प्रस्तावना : युद्धातलं प्रेम आणि पडद्याबाहेरची माणसं

2 मे 1945 ची रात्र. इंग्लंडच्या किनाऱ्याकडे परतणारं एक बॉम्बफेकी विमान पेटलं आहे. वैमानिक पीटर कार्टरच्या सोबत्यांनी उड्या घेतल्या आहेत, एकजण जागीच गेला आहे, आणि पीटरचं स्वतःचं पॅराशूट निकामी आहे. हाताशी काही मिनिटं उरलेली असताना तो बिनतारी यंत्रावरून जमिनीवरच्या एका अनोळखी मुलीशी बोलतो. मुलगी अमेरिकन आहे, तिचं नाव जून. त्या बोलण्यातच दोघं एकमेकांच्या प्रेमात पडतात. मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर यांच्या ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ या 1946 च्या ब्रिटिश चित्रपटाची ही सुरुवात.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, 23 मे 1945 ला, झरी गावात हजारो वारली जमले. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. तेव्हा ते ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होतं. वेठ करायची नाही आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी लग्नगडी म्हणून कोणाच्या दारात राबायचं नाही, असं तिथं ठरलं. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्या परिषदेत होते. पण झरीत जे ठरलं ते पाड्यापाड्यांत नेलं आणि निभावलं वारल्यांनीच.

एक तारीख कथेतली आहे, दुसरी इतिहासातली. दोन्ही एकाच महायुद्धाच्या शेवटच्या महिन्यांतल्या आहेत आणि दोन्हीकडे प्रश्न एकच आहे : दोन माणसांनी एकमेकांना निवडलं, तर त्यांच्या एकत्र राहण्यावर हक्क कोणाचा? पीटरच्या बाबतीत हा प्रश्न परलोकातल्या न्यायालयात जातो. झरीच्या माणसांच्या बाबतीत तो सावकाराच्या ओट्यावर अडकून पडला होता.

हे पुस्तक युद्धकाळातल्या प्रेमपटांविषयी आहे, आणि ते डहाणू-तलासरीतल्या तरुण वाचकांना समोर ठेवून लिहिलं आहे. तलासरी तालुक्यात दहांतली नऊ माणसं आदिवासी आहेत. डहाणूत वारल्यांबरोबर कोकणा, मल्हार कोळी, धोडिया, काथोडी आहेत. किनाऱ्याला मांगेले आणि माच्छी आहेत, चिकूच्या वाड्यांमधून पारशी आणि इराणी आहेत. इतक्या तऱ्हांची माणसं ज्या टापूत शेजारी शेजारी राहतात, तिथल्या मुलांनी चित्रपट पाहताना ‘यात कोण दिसतं आणि कोण दिसत नाही’ असं विचारणं अगदी साहजिक आहे. हा प्रश्न त्यांना शिकवावा लागत नाही. तो पुढे कसा न्यायचा, एवढंच या पुस्तकाचं काम आहे.

प्रेमपटच का, याचं उत्तर आधी देते. युद्धपटात गर्दी लागते, त्यामुळे त्यात सगळ्या वर्णांची, सगळ्या देशांची माणसं दिसू शकतात. कोणी खंदक खणतं, कोणी बंदूक साफ करतं, कोणी मरतं. प्रेमकथा मात्र गर्दीला मिळत नाही. ती ज्याच्या वाट्याला येते त्याला मन मिळतं : त्याला काय आवडतं हे आपल्याला कळतं, त्याची भीती कळते, त्याच्या चुकीला कारण मिळतं, आणि तो गेला तर थिएटरातली माणसं रडतात. म्हणून एखाद्या समाजाला चित्रपटाने कुठवर माणूस मानलं हे पाहायचं असेल, तर त्या समाजातली माणसं पडद्यावर किती वेळा आली हे मोजून फारसं हाती लागत नाही. त्यांच्यातल्या कोणाला प्रेम करता आलं का, आणि त्या प्रेमापायी काही ठरवता आलं का, हे पाहावं लागतं.

आता त्या ब्रिटिश चित्रपटाकडे. पीटर मरायला हवा होता, पण धुक्यामुळे परलोकाच्या दूताची नजर चुकते आणि तो जिवंत किनाऱ्याला लागतो. दरम्यान त्याला जून भेटते. मग त्याला परत नेण्याबद्दल वर खटला उभा राहतो. पृथ्वी रंगीत आणि परलोक कृष्णधवल, ही त्या चित्रपटाची प्रसिद्ध करामत. छायालेखक होते जॅक कार्डिफ. खटल्यात पीटरविरुद्ध उभा राहतो एब्राहम फार्लन, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या गोळीने मेलेला पहिला माणूस. आणि ज्युरीत बसतात इंग्रजांनी ज्यांना दुखावलं अशा देशांचे लोक : फ्रेंच, बोअर, रशियन, चिनी, आयरिश. त्यांच्यात एक हिंदुस्थानीही असतो.

1946 साली, हिंदुस्थान अजून इंग्रजांच्या ताब्यात असताना, एका इंग्रजी चित्रपटाने हिंदुस्थानी माणसाला न्याय देणाऱ्याच्या आसनावर बसवलं, आणि त्याच्याकडे इंग्रजांवर रागावण्याचं कारण आहे हे उघड मान्य केलं. ही गोष्ट लहान नाही. पटकथा पॉवेल आणि प्रेसबर्गर या दोघांची, आणि प्रेसबर्गर स्वतः नाझींपासून जीव वाचवून इंग्लंडात आलेले हंगेरियन ज्यू होते. त्यांची आई ऑश्विट्झमध्ये गेली. परक्या दारात उभं राहणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पण हा चित्रपट निघाला तो ब्रिटिश माहिती खात्याच्या सूचनेवरून. इंग्रज आणि अमेरिकन यांच्यातला दुरावा कमी व्हावा, हा हेतू. त्यामुळे खटल्यात ही ज्युरी टिकत नाही. पीटरचा वकील डॉक्टर रीव्हज तिला हरकत घेतो आणि तिच्या जागी नाना मुळांचे अमेरिकन नागरिक येऊन बसतात. तंटा शेवटी इंग्लंड आणि अमेरिका या दोघांचाच उरतो, आणि जून पीटरसाठी स्वतःचा जीव द्यायला तयार होते तेव्हा तो मिटतो.

तलासरीच्या एका मुलीने हा भाग पाहून विचारलं, “तो हिंदुस्थानी मग कुठे गेला?” माझ्या मते या चित्रपटाबद्दलचा हा सर्वांत नेमका प्रश्न आहे. त्या माणसाला बोलावलं, त्याची तक्रार खरी आहे असं म्हटलं, आणि मग त्याला उठवलं. त्याला नाव नाही. त्याची कोणी जून नाही. इतिहासाने त्याच्या घरात काय केलं हे आपल्याला कधीच कळत नाही. चित्रपट सुंदर आहे, तो पुन्हा पुन्हा पाहावा असाच आहे, आणि त्या मुलीचा प्रश्नही त्याच्याइतकाच खरा आहे.

‘कॅसाब्लांका’बद्दल मी पुस्तकात वेगळं प्रकरण लिहिलं आहे, म्हणून इथे थोडंच सांगते. चित्रपट अमेरिकन, 1942 चा, पण त्यात माणसं युरोपची. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ हंगेरीचे. पॉल हेन्राइड, पीटर लॉरी, मार्सेल दालिओ, मादलेन लबो, कर्ट बोइस हे युरोपातून परागंदा होऊन आलेले नट. नाझी मेजर स्ट्रॅसरचं काम करणारे कॉनराड फाइट तर ज्यू पत्नीसह जर्मनी सोडून आलेले. निर्वासितांनी निर्वासितांच्या भूमिका केल्या, आणि ‘मार्सेएज’ हे फ्रान्सचं राष्ट्रगीत गाताना त्यांच्या डोळ्यांत आलेलं पाणी खरं होतं. डूली विल्सन या कृष्णवर्णीय कलावंताने केलेला सॅम हा नायक रिकचा खरा सोबती आहे, पण त्याचं स्वतःचं प्रेम, स्वतःचं घर यांची चौकशी कोणी करत नाही. आणि सगळी कथा मोरोक्कोत घडते, तरी त्या कथेत मोरोक्कन माणसाला काही ठरवायला मिळत नाही. ज्याच्या गावात हे सगळं चाललं आहे, तोच दाराशी उभा आहे.

पुढे परिस्थिती सुधारली का? काही अंशी सुधारली. 1996 च्या ‘द इंग्लिश पेशंट’मध्ये किप हा शीख सैनिक आहे, सुरुंग निकामी करणारा, आणि हाना या परिचारिकेवर त्याचं प्रेम आहे. कथा इटलीत घडते. त्याच इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव लढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. हिंदुस्थानी सैनिकाला युरोपातल्या प्रेमकथेत जागा मिळायला इतकी वर्षं लागली. पण मायकेल ओंडाचे यांच्या मूळ कादंबरीत हिरोशिमाची बातमी ऐकून किप संतापाने उसळतो आणि सगळ्यांना सोडून निघून जातो. चित्रपटातून हिरोशिमाच गाळला गेला. किपला प्रेम करता आलं, पण त्याचा राग काढून घेतला गेला. मला हे फार मोठं नुकसान वाटतं, कारण राग गेल्यावर त्याचं निघून जाणं हा त्याचा निर्णय न राहता नुसतं दुःख होऊन जातं.

आता आपल्या घरच्या चित्रपटाकडे येते. या पुस्तकाचा मोठा भाग त्याच्यावर आहे.

व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ 1946 सालचाच. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात शिकले. 1938 मध्ये, सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असताना, काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच डॉक्टर पाठवले : अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. बाकीचे चौघे परतले. कोटणीस तिथेच राहिले, चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, आणि कॅनेडियन सर्जन नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाची जबाबदारी त्यांनी घेतली. 1941 मध्ये त्यांनी क्वो चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, आणि 9 डिसेंबर 1942 ला फेफऱ्याच्या झटक्याने वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, आणि त्यावरून अब्बास आणि वसंत साठे यांनी पटकथा तयार केली. कोटणीस झाले स्वतः शांताराम, आणि चिंग लान झाल्या जयश्री.

युद्धात कच्ची फिल्म सरकारच्या परवान्यावर मिळे, आणि निर्मात्यांनी युद्धाला हातभार लावणारे चित्रपट काढावेत अशी सरकारची अपेक्षा असे. शांतारामांनी जो विषय निवडला त्यात शत्रू जपान होता, त्यामुळे सरकारला अडचण नव्हती. आणि नायक काँग्रेसने पाठवलेला होता, त्यामुळे लोकांना तो आपला वाटला. या निवडीमागची हुशारी आणि धैर्य दोन्ही मला मोठं वाटतं. परक्या सत्तेखाली असलेल्या देशाच्या पडद्यावर, दुसऱ्या एका होरपळलेल्या आशियाई देशातली मुलगी नायिका म्हणून आली. त्याच्या नऊ वर्षं आधी हॉलिवुडने ‘द गुड अर्थ’ काढला तेव्हा चिनी शेतकऱ्याची बायको जन्माने जर्मन असलेल्या लुइझ रायनर यांनी केली, आणि त्या भूमिकेची आस धरून असलेल्या चिनी-अमेरिकन ॲना मे वाँग यांना ती मिळाली नाही. शांतारामांच्या राजकमल स्टुडिओतही चिनी माणसं आपल्याच नटांनी केली. चिनी वेश, चिनी केशरचना, आणि भाषा हिंदी. तरी मला या दोहोंत फरक दिसतो. ‘कोटणीस’मधली चिंग लान कामाची बाई आहे. ती त्या रुग्णालयात कोटणीसच्या बरोबरीने राबते, आणि परदेशी डॉक्टरशी लग्न करायचं हे तीही तितकंच ठरवते.

पण शेवट पाहा. मरणाच्या उंबरठ्यावरचा कोटणीस बायकोला आपल्या घरची वाट सांगतो, आणि पडद्यावर चिंग लान बाळाला घेऊन त्या घरी पोचते. थिएटरात तेव्हा हुंदके ऐकू आले असतील यात मला शंका नाही. आजही तो भाग पाहून गळा दाटतो. मात्र त्या क्षणी चिनी नायिकेची मराठी सून झालेली असते. प्रत्यक्षात क्वो चिंगलान चीनमध्येच राहिल्या, तिथेच काम केलं, पुढे कोटणीस कुटुंबाला भेटायला भारतात आल्या आणि परत गेल्या. त्यांचं 2012 मध्ये चीनमध्येच निधन झालं. चित्रपटाने त्यांना प्रेम दिलं, निर्णय दिला, आणि शेवटी त्यांचं घर आपल्याला सोयीच्या ठिकाणी हलवलं. पडद्यावरच्या परक्या माणसाला आपलं म्हणताना हे नेहमी घडतं. हा दोष एकट्या शांतारामांचा नाही; आपण प्रेक्षकांनीही तेच मागितलं होतं.

राजकमल कलामंदिर परळला. परळहून डहाणूला जायला तेव्हाही रेल्वे होती. कोटणिसांची कथा पडद्यावर येण्याच्या सुमारास डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत काय चाललं होतं, ते आता सांगायला हवं.

लग्नगडी. वारली तरुणाला लग्न करायचं तर पैसा लागे, तो जमीनदार-सावकाराकडून घ्यावा लागे, आणि कर्ज फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनीही त्याच्याकडे राबायचं असे. कर्ज फिटत नसे, कारण हिशेब त्याच्या वहीत आणि वही त्याच्या भाषेत. दोघं घेतलेल्या रकमेला जन्मभर बांधलेले राहत, आणि कित्येकदा ते ओझं मुलांच्या डोक्यावर जाई. मालकाने लग्नगड्याच्या बायकोवर हक्क सांगणं हे त्या व्यवस्थेत रोजचं होतं. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सगळं पाहिलं तसं, आडपडदा न ठेवता लिहिलं आहे. पुस्तक 1970 चं, त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इथल्या लोकांनी त्यांना गोदाराणी म्हटलं.

वारल्यांची लग्नाची रीत माहीत असेल तर या गुलामीची क्रूरता जास्त कळते. एकमेकांना पसंत केलेली जोडपी लग्नाआधी वर्षानुवर्षं एकत्र राहू शकत. पोरंबाळं होत, आणि ऐपत आली की मग लग्न लागे. आईबापांचं आणि मुलांचं लग्न एकाच मांडवात लागल्याची उदाहरणं आहेत. समाजाने प्रेमाला मोकळी वाट ठेवली होती. पण लग्नाचा विधी व्हायलाच हवा, ही ओढ प्रत्येकाला असे. सवाष्णी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत, चौकात पालघट देवी बसे, आणि लग्न लावणारी धवलेरी, म्हणजे बाईच, गाण्यांतून देवांना बोलावून घेई. सावकाराने नेमकी ही ओढ हेरली. जिथे माणसाला सर्वांत जास्त मान मिळायचा, तिथेच त्याने दावं बांधलं.

म्हणजे युद्धाच्या त्याच वर्षांत, जेव्हा लंडनचे आणि मुंबईचे स्टुडिओ बॉम्बच्या छायेतलं प्रेम रंगवत होते, तेव्हा इथे दोन माणसांनी लग्न करणं हेच त्यांच्या गुलामीचं कारण होतं. युद्धकाळातली याहून मोठी प्रेमकथा मला ठाऊक नाही. झरीच्या परिषदेनंतर किसान सभेचा लाल बावटा घेऊन माणसं गावोगाव गेली आणि लग्नगड्यांना सांगितलं की तुम्ही आता सुटलात. सुटका करायला कोणी बाहेरून आलं नव्हतं. शेजारच्या पाड्यातला माणूस येऊन हे सांगत होता. एखादी बाई मालकाच्या अंगणातून डोक्यावर गाठोडं घेऊन बाहेर पडली असेल, मागे नवरा, आणि आजवर त्या दारातून त्यांना आपल्या मर्जीने कधी बाहेर पडता आलं नव्हतं. या एका चालण्यात अख्खा चित्रपट आहे.

पुढे लढा मजुरीकडे वळला. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये, ही मागणी होती. 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाडा इथे सभा असल्याची, गोदावरीबाईंच्या जिवाला धोका असल्याची खोटी आवई पसरवून हजारो वारल्यांना गोळा करण्यात आलं, आणि जमलेल्या माणसांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड होता. माणसं पळाली नाहीत, कारण लाल बावट्याने बोलावलंय अशी त्यांची समजूत होती आणि बावट्याला टाकून जायचं नव्हतं. त्याच शरद ऋतूत इंग्लंडमधल्या डेनहॅम स्टुडिओत पीटर आणि जूनच्या कथेचं चित्रीकरण चाललं होतं. हिंदुस्थानी ज्युरी तिथे आसनावर बसला होता, आणि इथे ज्यांना खटला भरता येत नव्हता अशी माणसं माळावर पडली होती. ही दोन दृश्यं मी मुद्दाम जवळ ठेवते आहे. पॉवेल-प्रेसबर्गर यांना दोष द्यावा असा हेतू नाही. त्यांना तलवाड्याचं नावही माहीत असण्याचं कारण नव्हतं. मुंबईला मात्र माहीत होतं. 1946 मध्ये अब्बास यांचा बंगालच्या दुष्काळावरचा ‘धरती के लाल’ आला, चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ आला. आपला पडदा तेव्हा गरिबाकडे बघू लागला होता. डहाणूपर्यंत त्याची नजर पोचली नाही.

आदिवासी प्रेमकथा मराठीत ठसठशीतपणे आली ती 1977 मध्ये, जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’मधून. मूळ कादंबरी गो. नी. दांडेकरांची, गीतं ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. त्यातली माणसं ठाकर, परिसर कर्नाळ्याचा. वारली आणि ठाकर वेगळे, डोंगर वेगळे. तरी इथली मुलं तो चित्रपट पाहताना सरसावून बसतात. स्मिता पाटील यांची चिंधी नावडत्या नवऱ्याला सोडते आणि आपल्या मनाने नाग्याला निवडते. तिचं हे निवडणं कोणी तिच्यासाठी करत नाही, आणि चित्रपट तिला त्याबद्दल लाजवत नाही. या एका गोष्टीसाठी मी ‘जैत रे जैत’ला फार वरची जागा देते. चिंधी आणि नाग्या या दोन्ही भूमिका शहरी रंगकर्मींनी केल्या, ठाकरांपैकी कोणी नायक-नायिका झालं नाही, हेही पुस्तकात लिहिलं आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

तीन वर्षांनी गोविंद निहलानी यांचा ‘आक्रोश’ आला. लेखक विजय तेंडुलकर. ओम पुरी यांचा लहान्या भिकू हा आदिवासी बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात आहे आणि वकिलाशी एक शब्द बोलत नाही. खरं काय घडलं ते सांगायची सोय त्याला नाही, कारण अत्याचार करणारे गावातले प्रतिष्ठित आहेत. भारतीय पडद्यावरचा हा सर्वांत भेदक मूकपणा असेल. पण या चित्रपटानंतर पडद्यावरचा आदिवासी न बोलणाराच असतो, असं जणू ठरून गेलं. लहान्या आणि नागी एकमेकांवर प्रेम करत असताना काय बोलत होते, हे आपल्याला फारसं ऐकायला मिळत नाही. आपल्याला त्याचं दुःख मिळतं, त्याचा शब्द मिळत नाही. जाता जाता एक योगायोग नोंदवते : त्या चित्रपटातल्या तरुण वकिलाचं नाव भास्कर कुलकर्णी, आणि सत्तरच्या दशकात डहाणूजवळच्या गंजाडकडे येऊन वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना कागद आणि रंग देणाऱ्या चित्रकाराचंही नाव भास्कर कुलकर्णीच. म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रांतली त्रिकोणी अंगांची माणसं तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचतात, शेतात राबतात, लग्न लावतात. तिथे कोणी गप्प नाही.

भाषेचा प्रश्न मी अनेक प्रकरणांत उचलला आहे. ‘कॅसाब्लांका’त सगळे इंग्रजी बोलतात, ‘कोटणीस’मध्ये चिनी माणसं हिंदी बोलतात, ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’मधला फ्रेंच दूतही इंग्रजीच बोलतो. चित्रपट विकायचा असतो, हे मला कळतं. पण वारली बोलीत प्रेमाचं बोलणं शेकडो लग्नगाण्यांतून चालत आलं आहे, आणि पडद्यावरचा आदिवासी जेव्हा कुठलीच नसलेली, शहरात बेतलेली गावठी मराठी बोलतो, तेव्हा ते सगळं एका फटक्यात बाहेर राहतं. लग्नगडीच्या काळावर कोणी चित्रपट काढला, तर त्यात धवलेरीचा आवाज हवा, आणि तो खऱ्या धवलेरीचा हवा. तिच्याशिवाय त्या जोडप्याचं लग्न लागत नाही, आणि लग्नच नसेल तर ते कशासाठी गुलाम झाले हेही प्रेक्षकाला कळणार नाही.

हे वाट पाहण्यासारखं दूरचं काम नाही. आज डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हारकडची तरुण मुलं मोबाइलवर प्रेमाची गाणी चित्रित करतात आणि यूट्यूबवर टाकतात. बोली त्यांची, नाच त्यांचा, नायक-नायिका पाड्यातलेच. लग्नाच्या हंगामात हीच गाणी मांडवात वाजतात. चित्रपटांवर लिहिणारे लोक या गाण्यांची नोंद घेत नाहीत. कॅमेरा हलतो, सूर कधी सुटतो, पण त्यांतली मुलगी मुलाकडे पाहते तेव्हा ती दुसऱ्या कोणाच्या कथेत उभी नसते. युद्धकाळातल्या चित्रपटांच्या पुस्तकात ही गाणी का, असं कोणी विचारेल. वर ज्या चित्रपटांबद्दल लिहिलं त्यांत इथल्या माणसांच्या हाती जे आलं नाही, ते या गाण्यांत त्यांनी स्वतःच घेतलं आहे, म्हणून शेवटचं प्रकरण त्यांच्यावर आहे. ते लिहिताना गाणाऱ्यांना आणि नाचणाऱ्यांना विचारलं. गाण्यांची निवडही त्यांनीच सुचवली, आणि आपल्याबद्दल काय लिहू नये हे ज्यांनी सांगितलं त्यांचं ऐकलं आहे.